नेब्रास्कातील फ्रीमन शाळा

स. न. वि. वि.

उन्हाळी सहलीत अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील बीॲट्रिस गावाजवळचे होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान पाहायचे ठरले आहे. तेथील फ्रीमन शाळेविषयी मुलांना आधीच काही सांगता यावे, म्हणून जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

सहल समिती

*

समितीस सप्रेम नमस्कार.

शाळेआधी मुलांना जमिनीची हकीकत सांगावी. सरकारने मुलूख मोजताना सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आखले, प्रत्येकाचे ३६ भाग पाडले आणि १७८५ च्या कायद्याने त्यांतला सोळावा भाग शाळांसाठी राखून ठेवला. १८६७ मध्ये नेब्रास्का राज्य झाले, तेव्हा छत्तिसावाही त्यात आला. या जमिनीच्या खंडाचे आणि विक्रीचे उत्पन्न शाळांना मिळे. वस्ती होण्यापूर्वीच तिच्या मुलांच्या शिक्षणाची तजवीज झाली होती, याचे मला फार मोल वाटते. मात्र ही भूमी मूळची ओटो-मिझूरिया लोकांची होती, हेही मुलांना कळलेच पाहिजे.

फ्रीमन शाळा १८७२ मध्ये बांधली गेली. झाडे विरळ असल्यामुळे त्या माळरानावर कित्येक शाळा गवताच्या मुळांनी बांधलेल्या मातीच्या ढेकळांच्या असत. ही मात्र पक्क्या विटांची आहे. एकच खोली, एकच शिक्षिका आणि सगळ्या इयत्तांची मुले, म्हणजे आपल्याकडची एकशिक्षकी शाळाच. प्रार्थनासभा आणि मतदानही याच खोलीत होई.

शाळेचे नाव कायद्याच्या इतिहासात गेले ते डॅनियल फ्रीमन यांच्यामुळे. १ जानेवारी १८६३ रोजी, वस्ती करून जमीन कसणाऱ्याला ती मोफत देणारा होमस्टेड कायदा लागू झाला त्याच दिवशी, त्यांनी येथे १६० एकरांवर दावा नोंदवला होता. ईडिथ बीचर या शिक्षिका वर्गात बायबलवाचन करीत, प्रार्थना व भजने म्हणवून घेत. १८९९ मध्ये फ्रीमन यांनी त्याला हरकत घेतली, शाळा समितीने शिक्षिकेची बाजू उचलून धरली आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०२ मध्ये न्यायालयाने फ्रीमन यांच्या बाजूने कौल दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील प्रार्थनेविषयी असा निकाल दिला तो थेट १९६२ मध्ये. खेड्यातल्या एका पालकाने चिकाटीने तडीस नेलेला हा खटला मोठ्या मुलांना सविस्तर सांगावा, असा माझा आग्रह आहे.

आपला,
एक सभासद

*

आभारी आहोत. खटल्याचा भाग आठवीपुढील मुलांसाठी स्वतंत्रपणे घेऊ. वर्ग १९६७ पर्यंत भरत असल्याने तेथे शिकलेले कोणी भेटतील का, याची उद्यानाकडे चौकशी करतो.

सहल समिती