दारावरचे कोहळे काढायचा ठराव: तुमचं मत काय?

अक्कलकोटरोड:
आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत एक ठराव येतोय. कुणाच्याही दाराबाहेर कोहळा, काळी बाहुली, लिंबू-मिरची-बिब्बा टांगलेला दिसता कामा नये. कारण दिलंय 'अंधश्रद्धेचं प्रदर्शन'. माझा या ठरावाला ठाम विरोध आहे.

आमच्या तेलुगू घरांत नव्या घरात पाऊल टाकलं की आधी चौकटीवर कोहळा चढतो. शेजारच्या मराठी वहिनी दर शनिवारी लिंबू-मिरची बदलतात. वरच्या मजल्यावरच्या कानडी आजी नातू शाळेतून सुकलेल्या तोंडानं आला की मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात, आता गॅसवर. यंत्रमागाच्या शेडमध्ये दसऱ्याला कोहळा फोडल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. चार भाषांच्या सोलापुरात ही एक गोष्ट सगळ्यांना न सांगता कळते.

आणि हे फक्त आपलंच नाही. जपानमध्ये फेब्रुवारीच्या सुरुवातीला घराघरात भाजलेले सोयाबीन फेकून 'राक्षस बाहेर, भाग्य आत' असं ओरडतात. चीनमध्ये जुन्या वाड्यांच्या दारामागे एक आडवी भिंत असते, कारण भूत सरळ रेषेतच चालतं अशी समजूत. कोरियात तर मिरचीच. बाळ जन्मलं की भाताच्या पेंढ्याची, उलट्या पिळाची दोरी दारावर बांधायची. मुलगा असेल तर तिच्यात लाल मिरच्या आणि कोळसा, मुलगी असेल तर कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या. ती दोरी तीन आठवडे राहायची आणि तोवर बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. भूत अडलं की नाही ते सोडा, पण बाहेरचा खोकला-ताप तरी ओल्या बाळंतिणीपासून लांब राहिला की नाही? माणसं आपल्या लेकरासाठी घाबरतात आणि घाबरलेल्या हातांना काहीतरी करायचं असतं. ते करणं गुन्हा ठरवू नका, एवढंच माझं म्हणणं.

जुळेसोलापूरकर:
दादा, कोरियाची दोरी तुम्ही छान सांगितली, पण थायलंडचं राहिलं. ईशान्य थायलंडमध्ये 1990 च्या सुमारास गावोगाव घबराट होती. धडधाकट तरुण रात्री झोपायचे आणि सकाळी उठायचेच नाहीत. सिंगापूरला बांधकामावर गेलेले थाई मजूरही असेच झोपेत जात होते. लोकांनी ठरवलं, विधवेचं भूत पुरुषांना नेतंय. मग घरापुढे लाकडी लिंगं टांगली आणि पुरुष नखांना लाल रंग लावून झोपायला लागले, म्हणजे भुताला वाटावं की बाईच आहे.

1992 मध्ये ब्रुगाडा बंधूंनी हृदयाच्या विद्युत लयीतला एक बिघाड वर्णन केला आणि 1997 मध्ये थायलंडमधल्या संशोधकांनी हे झोपेतले मृत्यू त्याच बिघाडाशी जोडून दाखवले. हा आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो. काहींचा तो साध्या ईसीजीत दिसतो. ज्याला धोका जास्त, त्याच्या छातीत यंत्र बसवून जीव वाचवता येतो. आता सांगा, ज्याचा मोठा भाऊ असा गेला, त्या धाकट्याला नखं रंगवून झोपवायचं की दवाखान्यात न्यायचं? हातांना काम मिळालं की डोकं थांबतं. 'केलं की आपण काहीतरी' हे समाधान मिळतं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. माझं मत ठरावाच्या बाजूनं.

विडीघरकुल:
1990 मध्ये ब्रुगाडा कुठं सापडला होता? डॉक्टरकडं उत्तरच नव्हतं, तेव्हा त्या माणसांनी करायचं काय? आज उत्तर आहे म्हणून काल घाबरलेल्यांना नावं ठेवणं मला पटत नाही.

आमच्या वस्तीत बाया दिवसभर विड्या वळतात आणि रात्री आजारी लेकरापाशी एकट्या बसतात. दवाखाना बघतात, औषधही देतात. त्याच्यासोबत मनगटात काळा दोराही बांधतात. तो दोरा तोडून तुम्ही त्या बाईला कोणतं विज्ञान देणार हाय? तिच्यापाशी रात्रभर बसायला येणार हाय का?

बार्शीची परिचारिका:
मी ग्रामीण भागात बाळंतपणं केलीत, म्हणून दोन्ही बाजूंना सांगते.

आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजतात, बाळंतिणीच्या उशाला विळा किंवा अडकित्ता ठेवतात, रात्री जागरण करतात. ही भीती आभाळातून पडलेली नाही. घरी बाळंतपण व्हायचं, नाळ हाताशी असेल त्या पात्यानं कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच असतात. पहिले दोन दिवस बाळ छान दूध ओढायचं. मग एकदम ओढेनासं व्हायचं, जबडा घट्ट मिटायचा, जरा स्पर्श झाला, आवाज झाला की अंग ताठ होऊन धनुष्यासारखं मागे वाकायचं. बहुतेक वेळा हे तिसऱ्या दिवसापासून पंधरवड्याच्या आत व्हायचं. बघणारा म्हणणारच, बाहेरचं लागलं. भीती खरी होती, वेळही खरी होती, फक्त चोर दुसराच होता. उशाचा विळा त्याला अडवू शकत नव्हता. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं आणि निर्जंतुक पातं यांनी त्याला अडवलं, आणि 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

पण मला जास्त बोलायचंय ते वेगळंच. भूत कोण होतं, ते बघा ना. आपली हडळ, आळवंतीण म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई. मलेशिया-इंडोनेशियाची पोंतियानाक तीच, आणि तिच्या मानेत खिळा ठोकला की ती वश होते म्हणे. आमच्याकडे जुन्या बाया सांगायच्या, अशी बाई गेली की स्मशानातून परतताना वाटेवर मोहरी पेरत यायचं, म्हणजे ती वेचत बसेल आणि घरी पोचणार नाही. जिला वेळेवर रक्त मिळालं नाही, गाडी मिळाली नाही, तिच्याच विरुद्ध अख्ख्या गावाचा बंदोबस्त! बँकॉकला वाट महाबुत मंदिरात अशाच बाळंतपणात गेलेल्या माय नाकचं ठाणं आहे. तिथं लोक तिच्यासाठी झगे आणि तिच्या बाळासाठी खेळणी आणतात. भूत मानायचंच असेल तर निदान असं माना. खिळ्याची परंपरा मला जपायची नाही.

अक्कलकोटरोड:
ताई, तुमचं हे पोस्ट मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. पण मला यातून उलट माझाच मुद्दा दिसतो. मोहरी पेरणं आणि झगा वाहणं यांत फरक आहे, तसाच दारावरचा कोहळा आणि भगताचा चाबूक यांतही आहे. आपल्या कायद्यानंही तो केलाय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हा त्यात गुन्हा आहे. साप-विंचू-कुत्रा चावल्यावर औषधोपचार रोखून मंत्र-गंडे करणंही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दारावर मिरची टांगणं त्यात कुठंही नाही. ज्या चळवळीनं हा कायदा लढून मिळवला, तिनं धरलेली रेष आमच्या सोसायटीनं कशाला पुढं ढकलायची?

जुळेसोलापूरकर:
कायदा ही किमान पातळी असते, दादा. माणूस चाबकापर्यंत एका दिवसात पोचत नाही. आधी दोरा, मग अंगारा, मग 'एकदा दाखवून तर या' आणि मग अमावास्येला तिला घेऊन कुठंतरी. दर पायरीवर घरातलं कुणीतरी प्रेमानंच सांगत असतं.

आणि परंपरा आतूनही बदलतात, हेही बघा. जपानमध्ये अंत्यविधीवरून आल्यावर घरात शिरण्याआधी अंगावर मीठ टाकायची रीत आहे. पण तिथलाच जोदो शिनशू हा मोठा बौद्ध पंथ ते मीठ वापरत नाही. मृत्यू विटाळ नाही, आपलं माणूस गेलं म्हणून ते अपवित्र झालं नाही, असं ते सांगतात. कुणी सरकारनं बंदी घातली नव्हती. आपण सोलापूरकरांनी सभेत बसून असं काही ठरवलं तर त्यात वाईट काय?

विडीघरकुल:
त्यांनी स्वतःपुरतं सोडलं, अण्णा. तुम्ही शेजाऱ्याच्या दाराला हात घालताय.

जुळेसोलापूरकर:
हे मान्य. मग ठरावातून सक्ती काढा आणि जिना, फाटक अशा सामायिक जागेपुरता ठेवा. उतारे, फोडलेले कोहळे रस्त्यात टाकणंही बंद करा, दुचाकी घसरतात. पण माझं मत बदललेलं नाही आणि सभेत मी ते बोलणार.

बार्शीची परिचारिका:
सभा घेताच आहात तर एक काम करा. खालच्या फलकावर 108 मोठ्या अक्षरात लिहा. त्याखाली लिहा: बाळ दूध ओढत नाही, झटके येतात, बाळंतिणीचं अंगावरून जास्त जातंय, साप चावला, तर आधी सिव्हिल. कोहळा ठेवणाऱ्यांनी आणि काढणाऱ्यांनी, दोघांनीही खाली सह्या करा.