मदत हवी आहे: ट्रॉलीवरून दोघांनी उड्या मारल्यास ट्रॉलीचा अंतिम वेग किती?

हळदनगरी, सांगली
संवेग अक्षय्यतेच्या एका उदाहरणावर अडलो आहे. उद्या सकाळी अकरावीच्या तासाला ते फळ्यावर सोडवायचे आहे, म्हणून कृपया लवकर उत्तर द्यावे. घर्षणरहित रुळांवर एक ट्रॉली उभी असून तिच्यावरची दोन माणसे मागच्या बाजूने उडी मारतात. दोघांनी एकदम उडी मारली तर ट्रॉलीला अधिक वेग मिळेल, की एकामागून एक मारली तर? माझ्या हिशेबाने दोन्ही वेळी वेग सारखाच येतो, उत्तरसूचीत ‘एकामागून एक’ असे छापले आहे, आणि वर्गातल्या एका मुलीने ‘एकदम’ असे उत्तर काढले असून तिच्या आकडेमोडीत मला काहीही खोट सापडत नाही. सिद्धांत मला ठाऊक आहे, तो पुन्हा समजावू नये. तिन्हींपैकी बरोबर कोणते, तेवढेच हवे आहे.

अजिंक्यतारा, सातारा
ट्रॉलीचे आणि माणसांचे वस्तुमान किती आहे? उडीचा वेग किती दिला आहे, आणि तो कशाच्या सापेक्ष आहे? हे समजल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

कृष्णाकाठचा
घर्षणरहित रूळ कुठे असतात? मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हातगाडा मी रोज पाहतो. त्यावरून माणूस मागे उतरला, तर गाडा जेमतेम वीतभर सरकतो आणि थांबतो. मुलांना अशी काल्पनिक उदाहरणे देण्यापेक्षा खरा गाडा दाखवावा.

रूळ_आणि_सिग्नल, मिरज
हातगाड्याचा अनुभव येथे लागू पडत नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते, तेव्हा लोळण घर्षणाचा गुणांक साधारण 0.001 ते 0.002 इतकाच असतो. माणसांसह 200 किलोग्रॅमच्या ट्रॉलीला त्यामुळे फार तर 4 न्यूटन अडथळा होईल, आणि उडीचा रेटा जेमतेम पाव-अर्धा सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात घर्षण जो संवेग खाऊन टाकते, तो उडीने दिलेल्या संवेगापुढे नगण्य आहे. ट्रॉली पुढे हळूहळू मंदावेल, परंतु उडीनंतरच्या क्षणाचा वेग काढताना घर्षण सोडून देणे योग्यच आहे.

लालपरी_प्रवासी
चालत्या एसटीतून मुळीच उतरू नये. उतरावेच लागले, तर तोंड गाडीच्या दिशेला ठेवून काही पावले पुढे धावावे, कारण पाय जमिनीला टेकून थांबतात तरी शरीर जडत्वामुळे पुढेच जात असते. हे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले पाहिजे.

हळदनगरी, सांगली
एसटीचा प्रश्न मी विचारलेला नाही. ट्रॉली 100 किलोग्रॅमची आहे, प्रत्येक माणूस 50 किलोग्रॅमचा आहे आणि उडीचा वेग 3 मीटर प्रति सेकंद आहे. कशाच्या सापेक्ष ते प्रश्नात लिहिलेले नाही. न सांगितलेला वेग जमिनीच्या सापेक्षच धरायचा असतो ना?

वारणेचे_पाणी
संवेगाचा नाद सोडा आणि ऊर्जा अक्षय्यतेने सोडवा. सुरुवातीला गतिज ऊर्जा शून्य होती, त्यावरून थेट उत्तर मिळेल.

रूळ_आणि_सिग्नल, मिरज
त्या मार्गाने काहीच मिळणार नाही. सुरुवातीची गतिज ऊर्जा शून्य होती आणि नंतरची शून्य नाही, कारण मधल्या वेळात माणसांच्या स्नायूंनी कार्य केले आहे. ते किती केले हे प्रश्नात दिलेले नाही. संवेग मात्र आतल्या बलांनी बदलत नाही, म्हणूनच येथे त्याचा आधार घ्यावा लागतो.

कृष्णाकाठचा
मला एवढेच म्हणायचे आहे की, माणसे उतरली की ओझे कमी होते आणि वेग आपोआप वाढतो. त्यात एवढी आकडेमोड कशाला?

अजिंक्यतारा, सातारा
आपोआप वाढत नाही. चालत्या ट्रॉलीच्या बाजूने माणूस नुसता अलगद उतरला, तर तो स्वतःचा संवेग बरोबर घेऊन जातो आणि ट्रॉलीचा वेग होता तेवढाच राहतो. वेग वाढतो तो मागे रेटा दिल्यामुळे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण तिघांनी तीन वेगवेगळे प्रश्न सोडवले आहेत.

जमिनीच्या सापेक्ष 3 धरले, तर प्रत्येक माणूस मागच्या दिशेने 50 गुणिले 3, म्हणजे 150 एकक संवेग नेतो, दोघे मिळून 300 नेतात, आणि 100 किलोग्रॅमच्या ट्रॉलीला कोणत्याही क्रमाने 3 मीटर प्रति सेकंद वेग मिळतो. हा तुमचा हिशेब झाला.

उडी मारून झाल्यावर ट्रॉलीचा जो वेग असेल त्याच्या सापेक्ष 3 धरले, तर एकदम उडीने 300 भागिले 200, म्हणजे 1.5 मिळतात. एकामागून एक मारल्यास पहिल्या उडीने 150 भागिले 200, म्हणजे 0.75, आणि दुसरीने 150 भागिले 150, म्हणजे 1 मिळतो. बेरीज 1.75 होते, आणि हेच उत्तरसूचीचे उत्तर आहे.

उडीच्या आधीच्या ट्रॉलीच्या वेगाच्या सापेक्ष 3 धरले, तर एकदम उडीने 3 मिळतात, आणि एकामागून एक मारल्यास 1 अधिक 1.5, म्हणजे 2.5 मिळतात. तुमच्या विद्यार्थिनीने हेच केले असावे. तिला चूक म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रूळ_आणि_सिग्नल, मिरज
तिन्ही एका पारड्यात तोलणे मला पटत नाही. माणसाचे पाय ट्रॉलीलाच रेटतात आणि ती त्याच वेळी पुढे सरकत असते, त्यामुळे पाय सुटताना दोघांमध्ये जो सापेक्ष वेग असतो तोच ‘उडीचा वेग’ म्हणणे नैसर्गिक आहे. जमिनीच्या सापेक्ष ठरावीक वेग गाठायचा, तर धावत्या ट्रॉलीवरच्या दुसऱ्या माणसाला पहिल्यापेक्षा जोरात उडी मारावी लागेल. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी 1903 मध्ये प्रसिद्ध केलेले अग्निबाणाचे सूत्रही याच गृहीतकावर उभे आहे, कारण वायू अग्निबाणाच्या सापेक्ष ठरावीक वेगाने मागे फेकला जातो. वस्तुमान थोडे थोडे फेकत गेल्याने शेवटी उरलेल्या कमी वस्तुमानाला जास्त वेग मिळतो, हे तुमच्या 1.75 मध्ये छोट्या प्रमाणावर दिसते.

अजिंक्यतारा, सातारा
नैसर्गिक अर्थ तोच, हे मान्य आहे. परंतु प्रश्नपत्रिकेत तो स्पष्ट लिहिलेला नसेल, तर त्याची शिक्षा विद्यार्थ्याला का व्हावी?

हळदनगरी, सांगली
दोघांचेही आभार. उद्या तिन्ही हिशेब फळ्यावर शेजारी शेजारी मांडणार आहे आणि त्या मुलीलाच तिचा हिशेब सांगायला लावणार आहे. मात्र ती आणखी एक गोष्ट नक्की विचारेल. माणूस आधी ट्रॉलीवरून चालत मागच्या कडेला जातो, तेव्हाच ट्रॉली पुढे सरकलेली असते. मग उत्तर बदलत नाही का?

अजिंक्यतारा, सातारा
कडेला जाऊन तो थांबला, तर ट्रॉलीही त्याच क्षणी थांबते. दुसरा माणूस जागीच उभा असेल आणि पहिला ट्रॉलीवर 4 मीटर चालला असेल, तर ट्रॉली 50 गुणिले 4 भागिले 200, म्हणजे 1 मीटर पुढे गेलेली असेल, पण तिचा वेग पुन्हा शून्य असेल, म्हणून उडीच्या हिशेबात काही फरक पडणार नाही. तो न थांबता धावतच उडी मारत असेल, तरीही पाय सुटतानाचा सापेक्ष वेग 3 असल्यास उत्तर तेच येते.