पिंपल्स: उगाळलेलं जायफळ की डॉक्टरची ट्यूब?

रानजाई_७
लेक अकरावीत आहे, कपाळ आणि गाल पिंपल्सनी भरलेत. स्किनच्या डॉक्टरांनी सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्री अडापलीन लावायला दिलंय. जेमतेम पंधरवडा होतोय तर चेहरा लालभडक, तोंडाच्या कडेला सालं निघतायत आणि पिंपल्स उलट वाढल्यासारखे वाटतायत. सासूबाई म्हणतात फेका त्या ट्यूबा, दुधात जायफळ उगाळून लावा, आम्ही कुठे गेलो होतो डॉक्टरकडे. खरं सांगायचं तर मलाही त्यांचंच पटायला लागलंय, या वयात एवढ्या केमिकलची गरजच काय?

सहाणवाले
शंभर टक्के सासूबाई बरोबर. तारुण्यपीटिका आहेत त्या, वयाबरोबर येतात नि वयाबरोबर जातात. चंदन, जायफळ, मुलतानी माती, कडुनिंबाचा पाला, हे सगळं काय येडे लोक लावत होते का? मूळ पोटात आहे, उष्णता आहे, ते सोडून वरून ट्यूब चोपडायची, बंद केली की परत येरे माझ्या मागल्या. आणि डॉक्टरची चिठ्ठी बघा एकदा, फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, औषधापेक्षा बाकीचंच बिल जास्त.

ओव्हरटाइम_फार्मा
बिलाचं मान्य, पोटाचं नाही. वयात येताना अँड्रोजेन नावाचे हार्मोन वाढतात, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं आणि आत जिवाणू वाढून सूज येते. पोट साफ झाल्याने हे बूच निघत नाही. हां, खूप गोड आणि मैद्याचं खाणं किंवा जिमवाल्या पोरांची व्हे पावडर यांनी काहींचे पिंपल्स वाढतात, तेवढा खाण्याचा संबंध आहे.

रानजाईताई, अडापलीनने सुरुवातीला हे असंच होतं, फरक दिसायला 8 ते 12 आठवडे जातात, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही म्हणून अर्धे लोक तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकतात. डॉक्टरांना फोन करून विचारा एक दिवसाआड लावू का म्हणून. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढंच घ्यायचं, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, आधी मॉइश्चरायझर लावलं तरी चालतं, आणि ओठांच्या, नाकपुड्यांच्या, डोळ्यांच्या कडा सोडून. पेरॉक्साइड किती टक्के आहे तेही बघा, 2.5 टक्केवालं जवळपास 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि आग कमी होते.

चिडकी_चिमणी
घरगुती उपायाने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी लिंबू लावून उन्हात जाऊन बघावं!! लिंबाचा रस भयंकर आम्लधर्मी, वर त्यातली द्रव्यं उन्हाशी मिळाली की कातडी भाजल्यासारखी काळी पडते. कॉलेजात माझ्या रूममेटचं झालं होतं, पिंपल महिन्यात गेला, डाग वर्षभर. टूथपेस्ट, खायचा सोडा, तेही त्याच माळेतले. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असतं तर आपण खाजकुयलीचा फेसपॅक केला असता ना.

सहाणवाले
लिंबाचं नाव मी घेतलंच नव्हतं, उगाच माझ्या तोंडी घालू नका. आणि झाडपाल्यावर संशोधन नाही म्हणणाऱ्यांसाठी: 1990 साली ऑस्ट्रेलियात 5 टक्के टी ट्री तेलाचं जेल आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली, दोन्हींनी पिंपल्स कमी झाले, तेलाला वेळ जास्त लागला पण त्रास कमी झाला. आता बोला.

ओव्हरटाइम_फार्मा
बोलतो की. त्या जेलमध्ये 5 टक्के म्हणजे 5 टक्केच होतं. तुमच्या जायफळाच्या किती वळशांत काय उतरलं हे कोण मोजणार? तुरळक पुटकुळ्या असतील तर लावा खुशाल. पण आता सोलवटलेल्या चेहऱ्यावर जायफळ अजिबात नको, अजून झोंबेल.

कट्ट्यावरचा_पोस्टमन
तुम्ही दोघं भांडत बसा, खरा घोळ तिसरीकडेच आहे. आमच्याकडे पोरं ना डॉक्टरकडे जातात ना सहाण काढतात, मेडिकलमध्ये जाऊन पिंपलवर काहीतरी द्या म्हणतात आणि बेटामेथासोन नाहीतर मोमेटासोनवाली ट्यूब घेऊन येतात. आठ दिवस चेहरा असा चकाचक की सगळ्या वर्गाला तीच ट्यूब. मग सोडली की दुप्पट उठतं, कातडी पातळ, उन्हात गेलं की आग, गालावर लव. स्टेरॉइड आहे ते! मार्च 2018 मध्ये केंद्राने अशी 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी मिळतात. पार्लरमधली बिनलेबलची डबी तर विचारूच नका. यापुढे सासूबाईंचं जायफळ म्हणजे देवमाणूस.

अनामिक_आत्या
मुलीची पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर राठ केस येतायत का, तेवढं बघा. तसं असेल तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोनच्या गडबडीची तपासणी करा, मग ट्यूब आणि लेप दोन्ही बाजूला राहतील. आणि हाताला लागणाऱ्या, दुखणाऱ्या गाठी असतील तर "वयाबरोबर जातात" हे ऐकत बसू नका. पिंपल्स जातात, खड्डे राहतात, आणि खड्डा चंदनाने भरत नाही. माझ्या भाच्याला शेवटी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. ओठ फाटले, लिव्हर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या करायला लागल्या, पण गाठी थांबल्या. मुलींच्या बाबतीत फार जपायचं मात्र, त्या गोळ्या चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येतं, म्हणून मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं वगैरे प्रकार बिलकुल नकोत.

सहाणवाले
बघा, गोळ्यांपर्यंत गेलीच गाडी. म्हणून म्हणतो सुरुवात घरातून करा.

अनामिक_आत्या
घरातूनच केली होती हो सुरुवात, दहावी-बारावी सगळी लेपातच गेली त्याची. खड्डे त्याच काळातले आहेत.

रानजाई_७
गाठी नाहीत, पाळीही ठीक आहे. डॉक्टरांशी बोलले, एक दिवसाआड लावा म्हणाले. सासूबाई रुसल्यात. दुसरं म्हणजे लेकीच्या निळ्या टॉवेलवर पांढरट ठिपके पडलेत, साबण बदलला तरी जात नाहीत, ते कशाने?

ओव्हरटाइम_फार्मा
पेरॉक्साइडने. रंग उडालाय, तो परत येणार नाही. पांढरा टॉवेल द्या तिला.