उसाच्या मुरघासात सुबाभळीचा वाळका पाला घालावा का?

निपाणीकर_गोठा:
नमस्कार मंडळी. तोड लांबली म्हणून थोडा ऊस वाढ्यासकट (शेंड्याच्या हिरव्या पाल्यासकट) कुट्टी मारून मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद मुरवून ठेवायच्या चाऱ्यासाठी, बॅगांत दाबला होता, आता बॅग उघडली की दारूसारखा वास येतोय, खालनं पाणी सुटतंय, म्हशी खातात आवडीनं पण दूध वाढंना आणि पेंडेचा खर्च आहे तसाच. पुढच्या खेपेला बांधावरच्या सुबाभळीचा पाला वाळवून मिसळावा म्हणतोय. किती घालू? ओलाच घातला तर चालंल का?

चिकोडी_दूधवाला:
वास येणारच की. उसात साखर लई, यीस्ट त्याचं अल्कोहोल करतंय, गॅस होऊन वजनबी घटतंय. आणि उसात प्रोटीन नावाला, कोरड्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास, मग दूध कशानं वाढंल?
पाला वाळवूनच घाला, ओल्यानं पाणी तसंच राहतंय. ९० किलो कुट्टीला १० किलो पाला धरा. पाल्यात २० टक्के प्रोटीन धरलं तर एकूण ७ च्या आसपास जातंय, सुटणारं पाणीबी पाला शोषून घेतोय. फार घातला तर बॅग नीट दाबली जात नाही, हवा राहती आणि बुरशी येती. सावलीत ताडपत्रीवर वाळवा, पानं गळतात तीच तर कामाची, काटक्या टाकून द्या.

खानापूर_शेळीपालन:
सुबाभळीत मिमोसिन नावाचा विषारी घटक असतोय हे विसरू नका. वरच्या हिशोबात ती कोरड्या चाऱ्याच्या पाव भागाएवढी होते, त्यामुळं मुरघासाशिवाय वेगळी सुबाभूळ आणखी घालू नका. घोडं असंल तर लांबच ठेवा, केस गळतात.

निपाणीकर_गोठा:
घोडं नाही ओ 😄 पण पाला तेवढा जमंल का शंका आहे. भुईमुगाचा वेल आहे घरचा.

चिकोडी_दूधवाला:
मग अर्धा अर्धा करा, फक्त वेलाची माती झटका, मातीनं मुरघास नासतोय. वेलात प्रोटीन पाल्यापेक्षा कमी, तेवढं धरून चला. प्रोटीनसाठी युरिया घालणार असाल तर १०० किलो कुट्टीला १ किलोच्या वर नको, पाण्यात विरघळवून सगळीकडं सारखा शिंपडा, आणि लहान वासरांना तो मुरघास देऊ नका.

अथणी_ऊसवाला:
वाढ्यात ऑक्झॅलेट असतंय, ते कॅल्शियम धरून ठेवतंय, जनावराला मिळू देत नाही. दुभत्या जनावराला मिनरल मिक्श्चर चालूच ठेवा. बाकी पेंड एकदम बंद नका करू, मुरघास बघून हळूहळू कमी करा.