जुने कपडे घालून पानगळ बघायला गेलेल्यांचा धागा

उसवण:
22-23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात, हे शाळेत घोकलं होतं. त्याच आठवड्यांत दिवस सगळ्यात भराभर आखडतो, हे मात्र एका कोटामुळे लक्षात आलं. जुन्या कपड्यांच्या दुकानात एक जाडजूड ट्वीडचा कोट मिळाला. महिन्याच्या सुरुवातीला तो संध्याकाळी हातावर टाकून घरी यायचे, शेवटी शेवटी गळ्यापर्यंत बटणं लावून. वाट तीच आणि वेळही तीच. उजेड तेवढा रोज थोडा कमी.

एकदा बाकावर बसले होते, तर बाहीवर पान पडलं आणि दिसेना. हाताने चाचपून शोधलं. मग बाही डोळ्यांजवळ धरून पाहिली. लांबून नुसता तपकिरी दिसणारा कोट, पण जवळून त्यात गंजासारखा तांबडा, शेवाळी, मधूनच एक जांभळा धागा. पान त्यातल्या तांबड्यात मिसळून गेलं होतं.

तर लिहा. थ्रिफ्टमधून आणलेलं किंवा कुणी उतरवून दिलेलं काहीतरी घालून शरदाच्या सुरुवातीला बाहेर पडलात, तेव्हा काय दिसलं? फजिती झाली असेल तर ती आधी लिहा.

पायवाट:
फजिती आधी म्हणालात म्हणून लगेच आलो.

हाताने विणलेलं लोकरी जाकीट, कोपरांवर रफू केलेलं. घालून माळावरून जवळच्या वाटेने निघालो आणि बर्डॉकच्या झुडपात शिरलो. बाहेर आलो तेव्हा डाव्या बाजूला तीसेक बोंडं लटकत होती. ओढायला गेलो तर लोकरही सोबत यायला लागली. घरी येऊन भिंग काढलं. प्रत्येक काट्याचं टोक मासे धरायच्या गळासारखं वळलेलं. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्रालने 1941 साली फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांतली हीच बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यातून वेल्क्रो आलं, पेटंट 1955 चं. त्यांना वेल्क्रो सुचलं, मला शिव्या सुचल्या.

उपाय सांगतो: बोंड ओढायचं नाही. पकडीने दाबून तिथेच फोडायचं, म्हणजे आकडे सुटे होतात, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरायचं. दोन संध्याकाळी गेल्या. एक बोंड काखेत राहिलं होतं, ते आठवड्याने मीटिंगमध्ये टोचलं.

काजबटण:
माझी पावसातली. 1940 च्या दशकातल्या धाटणीचा क्रेपचा फ्रॉक, बाजूच्या शिवणीत धातूची चेन, खांद्याला गाद्या. इतका सुंदर की मी कापड कोणतं हे विचारलंच नाही. चेस्टनटची फळं खाली पडतात ना, ती तपकिरी, पॉलिश केल्यासारखी, ती वेचायला वाकले होते आणि भुरभुर सुरू झाली. फ्रॉक व्हिस्कोजचा. व्हिस्कोजचं क्रेप ओलं झालं की आक्रसतं. घरी पोचेपर्यंत पोटरीवरची किनार गुडघ्याच्या वर. भिजलेलं व्हिस्कोज कमजोरही असतं, त्यामुळे खाली ओढायचीही सोय नाही! फळांची पिशवी पुढे धरून चालत आले.

आता घेण्याआधी आतल्या शिवणीतला एक धागा काढून मागते आणि जाळून बघते. केस जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरणारी राख म्हणजे लोकर किंवा रेशीम. कागदासारखा वास म्हणजे सुती, लिनन, नाहीतर व्हिस्कोज. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक.

अर्धी बाही:
एवढंच सांगते, पट्टीवरचा साइझ वाचू नका, टेप न्या. जुना 14 आजच्या 14 पेक्षा चांगलाच लहान असतो. मी वाचूनच घेतला आणि उद्यानात श्वास रोखून फिरले. कसला निसर्ग.

वाकडा दोरा:
थोडा विरोधी सूर लावतो. या नटण्यात निसर्ग कमी आणि आपणच जास्त दिसतो. मी एकदा टोपी, वेस्टकोट, साखळीचं घड्याळ असा सगळा जामानिमा करून जंगलात गेलो होतो. दोन तासांत पक्षी दोन, माझा फोटो काढणारी माणसं सहा. तेव्हापासून एका वेळी एकच जुना कपडा, बाकी रोजचं. मग कुणी बघत नाही आणि पक्षी तरी दिसतात. मुद्दा कळला असेल.

उसवण:
@वाकडा दोरा, कळला :) फोटो नकोत हे मी वर लिहायलाच हवं होतं.

मागचा बाक:
माझा अनुभव डेनिमच्या जॅकेटचा. कॉलर उलटून पाहिली तर खालचं कापड गर्द निळं, वरचं उन्हाने पार विटलेलं. घडीखाली जिथे ऊन पोचलं नाही तिथे मूळ रंग तसाच.

ते डोक्यात घेऊन मेपलखाली बसलो होतो. एक लाल पान उचललं, त्यावर दुसऱ्या पानाचा पिवळा ठसा. आधी वाटलं रोग आहे. मग वर पाहिलं: फांदीवर पानं एकमेकांवर पडलेली. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हरितद्रव्य ओसरलं की उघडा पडतो. लाल मात्र शरदातच तयार होतो, आणि त्याला ऊन लागतं. वरच्या पानाने जेवढी सावली धरली तेवढा भाग पिवळाच राहिला. म्हणजे जॅकेटवर उन्हाने रंग खाल्ला आणि पानावर उन्हानेच चढवला. तासभर मी पानं उलटीसुलटी करत होतो. असे ठसे अकरा सापडले, एकावर तर देठाची बारीक रेघसुद्धा उमटलेली.

शाईचा डाग:
लिननचा सदरा, विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार 1940 च्या आधीचा. अक्रोडाच्या झाडाखाली हिरव्या सालीतली फळं पडली होती, काही काळी पडू लागलेली. दोन खिशात टाकली. संध्याकाळी खिशावर हा एवढा तपकिरी डाग. साबण, लिंबू, ऊन, सगळं झालं, डाग हलेना. त्या सालीत जुग्लोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते तुरटीबिरटीशिवायच कापडाला धरतं.

शेवटी चिडून आणखी साली गोळा केल्या, मोठ्या पातेल्यात उकळल्या आणि अख्खा सदराच बुडवला. रंग अप्रतिम आला, ओल्या मातीसारखा. फक्त शिलाई पांढरीच्या पांढरी राहिली! वनस्पतीचा रंग पॉलिएस्टर घेत नाही. आणि पॉलिएस्टर बाजारात आलं तेच मुळी 1950 च्या आसपास. सदऱ्याचं वय असं उघडं पडलं.

काजबटण:
@शाईचा डाग, नंतर कुणी उसवून पुन्हा शिवला असेल हो.

शाईचा डाग:
काजंसुद्धा? सगळी? पण तुमचं मन राखायला मानतो.

दुपारची झोप:
काळ्या मखमलीचा कोट सकाळी नऊला कुंपणाला टेकून उभं राहण्यासाठी अजिबात घेऊ नये, असं म्हणणार होते, पण घ्यावा. रात्री गारवा, सकाळी निवांत ऊन, वारा जेमतेम. दहा मिनिटांत बाहीवर चांदीचे धागे आडवेतिडवे. एका धाग्याच्या टोकाला मोहरीहून लहान कोळी. पिल्लं उंच जागी चढतात, पोट वर करतात, धागा सोडतात आणि हवेबरोबर निघून जातात. डार्विनला 1832 मध्ये किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर दूर समुद्रात, जहाजाच्या दोरांवर असे असंख्य कोळी सापडले होते. माझ्या खांद्यावरचा चढून कॉलरच्या टोकापर्यंत आला, थांबला, पोट उचललं. मी श्वास धरून. तेवढ्यात मला शिंक आली. कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता.

उसवण:
डांबरगोळ्यांवरून: कसरीच्या भीतीने जुने लोकरी कपडे तसेच कपाटात टाकू नका. कापड खाते ती अळी, उडणारा पतंग नव्हे. कपडा पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, मग सावलीत हवेवर. माझ्या कोटाचा वास जायला नऊ दिवस लागले. तोवर बाहेर ओल्या पाचोळ्याचा वास येत असेल हे मला माहीतच नव्हतं, नाकात गोळ्याच.

अस्तर:
उशिरा लिहिते आहे. मावशीच्या मैत्रिणीने दिलेला लांब कोट. उजव्या खिशाला भोक, त्यातून माझी किल्ली अस्तरात गेली. खालची शिवण उसवली तर किल्लीबरोबर लिंडनच्या झाडाचं बी आलं, त्याच्या त्या लांबट पातळ पंखासकट. वाळून कागद झालेलं, पण पंखाच्या शिरा शाबूत. माझ्या रस्त्यावर लिंडन नाही. म्हणजे आधी घालणारीच्या खिशात ते पडलं, किंवा तिने टाकलं. मी नंतर मुद्दाम लांबच्या बागेत जाऊन लिंडन शोधलं. बिया भोवऱ्यासारख्या गिरक्या घेत हळू हळू उतरतात, खिशात पडायला वेळ भरपूर असतो.

पायवाट:
पेरलंत का?

अस्तर:
पेरलं. लिंडनला उगवायला दोन हिवाळेसुद्धा लागतात म्हणून वाट पाहिली. तीन झाले. कुंडीत सध्या पुदिना आहे.