निर्बंध उठवताना अमेरिकी काँग्रेसला विचारायचे की नुसते कळवायचे?

गोदाकाठ :
निर्बंध कोणावर लादायचे आणि कधी उठवायचे हे अमेरिकेच्या अध्यक्षांवर सोपवावे, काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाच्या, लुडबुडीने परराष्ट्र धोरण खिळखिळे होते, असे ‘सह्याद्री’ यांनी काल लिहिले. ते वाचून राहवले नाही. रशिया, इराण आणि उत्तर कोरियावर निर्बंध घालणारा काट्सा कायदा २०१७ मध्ये सिनेटने ९८ विरुद्ध २ आणि प्रतिनिधिगृहाने ४१९ विरुद्ध ३ मतांनी संमत केला, तो अध्यक्षांवर भरवसा उरला नव्हता म्हणूनच. रशियावरचे निर्बंध सैल करण्याआधी काँग्रेसला कळवून तीस दिवस थांबायचे, ही त्यातली अट रुसाल या रशियन ॲल्युमिनिअम कंपनीच्या वेळी कुचकामी ठरली. रशियन उद्योगपती ओलेग डेरिपास्का यांच्या या कंपनीला मोकळे करण्याविरुद्ध जानेवारी २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६२ मते पडली, सिनेटमध्ये ५७. पण सिनेटमध्ये चर्चा संपवून ठराव पुढे न्यायलाच ६० लागत होती, आणि महिना संपायच्या आत कंपनी यादीतून बाहेर पडली. दोन्ही सभागृहांचे बहुमत विरोधात असूनही निर्णय फिरत नसेल, तर त्याला देखरेख म्हणवत नाही.

सह्याद्री :
डेरिपास्का यांचा एन प्लस या मूळ कंपनीतील हिस्सा सुमारे ७० टक्क्यांवरून ४५ च्या खाली आणण्याच्या अटीवर ही सुटका झाली आणि त्यांच्यावरचे व्यक्तिगत निर्बंध तसेच राहिले, हे तुम्ही गाळलेत. माझा चाकणला ॲल्युमिनिअम ओतकामाचा छोटा कारखाना आहे. एप्रिल २०१८ मध्ये रुसालवर बंदी आली आणि टनाला २,००० डॉलरच्या आसपास असलेला भाव दोन आठवड्यांत २,५०० च्या वर गेला. इंगॉटचा (धातूच्या लगडींचा) व्यापारी सकाळी सांगितलेला भाव दुपारी मानायला तयार नव्हता, आणि गिऱ्हाइकाशी माझा दर मात्र तिमाहीचा ठरलेला. एक पाळी बंद ठेवून माणसे घरी पाठवली, त्यांचे चेहरे अजून आठवतात.

गोदाकाठ :
तुमच्या भट्टीचे दुःख खरे आहे, पण त्यासाठी कायदेमंडळाने तोंड मिटून बसावे, हा कुठला न्याय?

लातूरकर :
विसंगतीच बघायची तर एस-४०० बघा. ही रशियाची हवाई संरक्षण क्षेपणास्त्रे घेतली म्हणून चीनच्या लष्करी खरेदी विभागावर सप्टेंबर २०१८ मध्ये निर्बंध आले, तुर्कस्तानच्या संरक्षण खरेदी खात्यावर डिसेंबर २०२० मध्ये. भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये ५.४३ अब्ज डॉलरचा करार केला, त्याला ना शिक्षा झाली ना औपचारिक सूट मिळाली. आणि सामान्य माणसाचे काय होते ते आमच्या घरात पाहिले. माझे काका इराणला सोयापेंड पाठवत. भारत तेलाचे रुपये इथल्या बँकेत भरी, त्यातूनच निर्यातदारांचे पैसे चुकते होत. मे २०१९ मध्ये इराणी तेल घ्यायला अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि तो झरा आटत गेला. अन्नधान्य कागदोपत्री निर्बंधांबाहेर होते, तरी बँकेने बिल हातात घेतले नाही. गोदामातली पोती काकांनी पडत्या भावाने विकली.

सह्याद्री :
लातूरकरांनी माझीच बाजू मांडली. भारताला सूट द्यावी, अशी दुरुस्ती जुलै २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहानेच संमत केली, तिथले सदस्य रो खन्ना यांनी मांडलेली. म्हणजे सभागृहही मित्र बघूनच नियम वाकवते!

गोदाकाठ :
वाकवते, पण उघड वाकवते, आणि कोणी काय मागितले ते नोंदीत राहते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या १९८३ च्या चढ्ढा खटल्यापासून काँग्रेसचा नुसता ठराव अध्यक्षांना बांधत नाही. तो सहीसाठी त्यांच्याकडे जातो, आणि त्यांनी नकाराधिकार वापरला की दोन-तृतीयांश मते हवीत. म्हणून अट उलटी करा : काँग्रेसने होकार दिल्याशिवाय सूट लागूच होऊ नये.

सह्याद्री :
ते मुळीच पटणार नाही. रुसालपुरते एवढे मान्य करतो की ६० मतांची अट तिथे नको होती, साध्या बहुमताने विरोध मंजूर व्हायला हवा होता. यापुढे मात्र एक पाऊल येणार नाही.

लातूरकर :
साध्या बहुमताने का होईना, पण अन्नधान्याचे पैसे कोणत्या बँकेतून जातील हे त्याच ठरावात लिहा. काकांना नेमके तेच कोणी सांगितले नव्हते.