दुसऱ्या पदवीच्या कर्जाला व्याज अनुदान मिळतं का? मदत हवी आहे

बहीण खानापूरची, बी.एस्सी. झालेली. बारावीला बायॉलॉजी होतं, म्हणून चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला पात्रतेची अडचण नाही. अडचण पैशाची.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नाद सोडलाय. एक पदवी झाली की त्याच टप्प्याच्या दुसऱ्या पदवीला ती देत नाहीत. एकूण खर्च 6 लाख धरलाय. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण कर्ज 4 लाखांच्या वर गेलं की 5 टक्के पदरचे घालावे लागतात. ते 30 हजार जमवलेत. नाडकचेरीचा (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) उत्पन्नाचा दाखला 1 लाख 20 हजारांचा आहे, कॉलेज नॅक (कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था) मानांकित.

घोडं अडलंय केंद्राच्या व्याज अनुदानावर. शिकत असेपर्यंत आणि पुढचं एक वर्ष व्याज सरकार भरतं, पण नियमात ‘पहिली पदवी’ असे शब्द आहेत, आणि लाभ एकदाच. बहिणीनं पहिल्या वेळी कर्जच काढलं नव्हतं! एका शाखेत ‘चालेल’ म्हणाले, दुसरीत ‘नाही’. लेखी कुणीच देईना.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) सुचवू नका, पुढे एम.एस्सी. करायचंय.

बेळगाव भागात दुसऱ्या पदवीला हे अनुदान प्रत्यक्ष कुणाला मिळालंय का? मिळालं असेल तर बँकेला कोणता कागद दाखवलात?